खिडकीची झापडं: सोलापुरातल्या एका चित्रकाराच्या उन्हाळी घराचं प्रकरण

मिस्त्रींच्या अंदाजपत्रकातली पहिलीच ओळ होती, 'उत्तर बाजूच्या खिडकीचे जुने लाकडी हात काढणे व भोके बुजवणे.' दुसरी ओळ, 'खिडकीवर चार फुटी पत्रा बसवणे.' दोन्ही कामांना मिळून अर्ध्या दिवसाची मजुरी धरली होती. या प्रकरणातला जवळजवळ सगळा वाद त्या अर्ध्या दिवसाचा आहे.

जुन्या घरांची दुरुस्ती हा माझा धंदा. मला बोलावलं ते अक्कांनी. घर त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे मुंबईत चित्रकला शिकवायचे. मे महिन्याची सुट्टी लागली की सगळं जग सोलापूर सोडून महाबळेश्वर गाठतं, तेव्हा हे गृहस्थ ट्रंक आणि कॅनव्हासची गुंडाळी घेऊन मुंबईहून सोलापूरला यायचे. स्टेशनावरचा टांगेवाला विचारायचा म्हणे, 'मास्तर, मुंबईत लई गारठा पडलाय काय?' पण त्यांच्याकडे मोकळे दिवस तेवढेच होते. शिवाय कोरड्या हवेत तैलरंग लवकर धरतो, आणि बेचाळीस डिग्रीत पाहुणे येत नाहीत. ही तिन्ही कारणं त्यांनी स्वतः सुनेला सांगितलेली. हिप्परग्याच्या तलावाकडे जाताना वडिलोपार्जित मळा होता, त्यात विहीर आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, एक घर. त्याची उत्तरेची खोली त्यांनी स्टुडिओ केली.

त्यांचं नाव इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. फार मोठं नाव नव्हतं. शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात चित्रं काढणारा, चांगला, अभ्यासू चित्रकार. 'जतन करण्याइतके मोठे होते का हो ते?' हा प्रश्न मला पुढे तीनदा विचारला गेला, त्यातला एकदा त्यांच्या थोरल्या मुलानेच विचारला.

वारस तिघं. थोरले भाऊ पुण्यात, त्यांना प्लॉट पाडून विकायचा होता. त्यात काही वाईट नाही, शहर त्या बाजूला सरकलंय आणि शेजारच्या मळ्याचं बिनशेती होऊन पाटी लागलेली आहे. धाकटी बहीण परदेशात, तिचं म्हणणं 'तुम्ही ठरवाल ते'. मधल्या भावाच्या पत्नी म्हणजे अक्का. यजमान गेल्यावर मळ्याचं सगळं त्याच बघतात. त्यांना घर ठेवायचं होतं, पण कशासाठी ते सांगता येत नव्हतं. 'म्युझियम' हा शब्द त्यांनी पहिल्या भेटीत पाच-सहा वेळा वापरला आणि प्रत्येक वेळी थोडं चाचरत.

कायद्याची बाजू लवकर आटपली. केंद्राच्या कायद्याखाली वास्तू संरक्षित व्हायला ती किमान शंभर वर्षांची लागते. हे घर तेवढं जुनं असल्याचा एकही कागद नव्हता. १९७२च्या पुरावस्तू आणि कलाखजिना कायद्याखाली ज्या चित्रकारांची चित्रं राष्ट्रीय ठेवा मानली जातात ते नऊ: रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे तिघे ठाकूर, नंदलाल बोस, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी. आमचे मास्तर त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे घर पाडायला कोणाची आडकाठी नव्हती आणि वाचवायला कोणाचा हात नव्हता. जे काही व्हायचं ते वाटणीपत्रात. एक गोष्ट मात्र तिघांनाही ठाऊक नव्हती: चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप विकला जात नाही, तो चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. पुण्याच्या भावांनी हे ऐकून पहिल्यांदा डायरी उघडली.

आता घर. तीन बाजूंच्या भिंती दोन-दोन फुटी दगडाच्या, मातीत रचलेल्या, आतून चुन्याचा गिलावा. वर सागवानी तुळया, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि पांढरी माती. छपराला एक साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, आता फरशी ठेवून बंद केलेलं. उत्तरेची भिंत तेवढी वेगळी, नऊ इंची विटेची. मास्तरांनी दगडी भिंत फोडून तिथे सहा फूट रुंद, आठ फूट उंच काचेची खिडकी बसवली होती. डोक्यावर जेमतेम एक फुटाचा दगडी छज्जा. आणि खिडकीच्या दोन्ही कडांना, भिंतीतून काटकोनात बाहेर आलेले, वर एक खाली एक असे अडीच-अडीच फुटांचे लाकडी हात. टोकांना कड्या. वरच्या हातांना एकेक गंजलेली कप्पी.

मी स्वतः पहिल्या दिवशी हे हात पाहिले आणि वहीत लिहिलं, 'वेल चढवण्यासाठी?' ते पान अजून आहे.

उत्तरेची खिडकी का, हे चित्रकलेच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, येतो तो नुसता आभाळाचा उजेड, दिवसभर एकसारखा. मॉडेलच्या नाकाची सावली सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे जात नाही. फ्रेंच चित्रकार सेझाननं १९०२ मध्ये एक्स या गावाजवळच्या टेकडीवर स्टुडिओ बांधून घेतला तेव्हा उत्तरेची जवळजवळ अख्खी भिंत काचेची केली, आणि मोठे कॅनव्हास बाहेर काढायला भिंतीत एक उंच, अरुंद फट ठेवली. सोलापूरकरांना हे कळायला फ्रान्सला जायची गरज नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथल्या कापड गिरण्यांनी हाच उजेड वापरला: करवतीच्या दातांसारखी छपरं, दाताची उभी बाजू उत्तरेला आणि तिला काच, कारण तुटलेला धागा दिसायला सावली न पाडणारा उजेड लागतो. मास्तरांचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. खिडकीची कल्पना मुंबईच्या कलाशाळेतून आली की बापाच्या गिरणीतल्या खात्यातून, यावर अक्का आणि पुण्याचे भाऊ यांचं आजही एकमत नाही.

पण नियम युरोपचा आणि सूर्य सोलापूरचा, इथे गोम आहे.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त साडेतेवीसवर. म्हणजे १० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दुपारीच नव्हे, उगवल्यापासून मावळेपर्यंत. २१ जूनला तो इथे पूर्वेच्या पंचवीस अंश उत्तरेला उगवतो. एप्रिलच्या अखेरीस दुपार दक्षिणेकडे असते, तरी सकाळी पावणेदहापर्यंत सूर्य उत्तरेच्याच अंगाला असतो. वरच्या देशांतही जूनमध्ये उत्तरेच्या भिंतीला सकाळचं ऊन लागतं, पण थोड्या तासांत सूर्य दक्षिणेला निघून जातो. आपल्याकडे तो जातच नाही.

आता मास्तरांची सुट्टी आठवा. एप्रिलची अखेर ते जूनचा पहिला आठवडा. वर्षातले नेमके तेच दिवस, जेव्हा सोलापुरात उत्तरेची खिडकी ही उत्तरेची खिडकी राहत नाही.

पुण्याच्या भावांनी हे ऐकल्यावर ताबडतोब निष्कर्ष काढला: 'म्हणजे बाबांची चूक झाली. खिडकी चुकलीच.' मिस्त्रींचंही तेच मत, म्हणून तो चार फुटी पत्रा. मलाही क्षणभर तसंच वाटलं. फक्त एक शंका होती. माणूस तीस उन्हाळे त्याच खोलीत बसला. तीस वर्षं तोंडावर ऊन घेऊन कोण पोर्ट्रेट रंगवेल?

उत्तर मिळालं ते मळ्यावरच्या मामांकडून. त्यांचे वडील तिथे सालकरी होते, मामा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. मी वेलाबद्दल विचारलं तर हसले. 'वेल कशाचा सायेब? झापडं हुती ती. टांग्याच्या घोड्याला असत्यात न्हवं का, तशी. मालक म्हणायचे, झापड लाव रं. सकाळच्याला ह्या अंगाचं, दिस कलला की त्या अंगाचं. रोजचे दोन आणे मिळायचे मला.' कापड कुठलं, विचारलं. 'मांजरपाट. वळीव आला की पळत जाऊन सोडायचं, न्हाईतर फाडून टाकायचा वारा.'

मग हिशेब मांडून बघितला. सकाळचा सूर्य उत्तरेला असतो खरा, पण भिंतीला जवळजवळ समांतर, पूर्वेकडून तिरका येतो. जूनमध्ये भिंतीपासून जास्तीत जास्त पंचवीस अंश. सहा फूट रुंद खिडकी झाकायला पूर्वेच्या कडेला पावणेतीन फुटांचा आडोसा पुरतो. विटेच्या भिंतीची नऊ इंच जाडी त्यातून वजा केली की बाहेर दोन फुटांना थोडं वर. हात अडीच फुटांचे आहेत. तिरकं येताना जे ऊन झापडावरून उडी मारून काचेच्या वरच्या भागात शिरेल, त्यातलं बहुतेक त्या फूटभर छज्जाला अडतं. आणि दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असल्यामुळे छज्जा एकटा भागवतो. संध्याकाळी हाच खेळ पश्चिमेच्या झापडाने.

मिस्त्रींचा चार फुटी पत्रा याच हिशेबात घालून बघितला. मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सात वाजता खिडकीचा निम्म्याहून जास्त भाग पत्रा असूनही उन्हातच. आणि बदल्यात बाराही महिने आभाळ झाकलेलं. म्हणजे जे यायला नको ते येणार आणि ज्यासाठी खिडकी केली ते अडणार. कापडाचं झापड मात्र समोरचं आभाळ मोकळं ठेवतं, स्वतः उजळून थोडा उजेड आत देतं, आणि काम झालं की सोडून घडी करून ठेवता येतं.

हिशेब कागदावर जुळला म्हणून खरा मानायला मी तयार नव्हतो. पुरावा भिंतीतून आला. आतल्या भिंतींवर मधल्या काळात कोणीतरी क्रीम रंगाचा ऑइल पेंट फासला होता. तो खरवडताना खाली मळकट करडा थर लागला, चुन्यात काजळी कालवून दिलेला. भिंतीने स्वतःचा रंग चित्रावर फेकू नये म्हणून. पश्चिमेच्या भिंतीवर, उत्तरेच्या कोपऱ्यापासून दोनेक फुटांवर, त्या करड्या थरात पेन्सिलीच्या तिरक्या रेघा निघाल्या. शेजारी बारीक आकडे: २५/४, १५/५, ५/६. प्रत्येकापुढे '८'. आम्ही मेच्या मध्यावर सकाळी आठला खोलीत जाऊन बसलो. झापडं नव्हतीच, त्यामुळे उन्हाचा पट्टा भिंतीवर आला आणि त्याची कड मधल्या रेघेला बोटभर सोडून थांबली. अक्का काही बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, 'तरी सांगत हुतो.'

पत्रा गेला. इथून पुढे प्रश्न 'घर ठेवायचं का' असा उरला नाही, 'घरातलं नेमकं काय ठेवायचं' असा झाला, आणि त्याचं उत्तर बरंच लहान निघालं. स्वयंपाकघराची मोडकी पडवी, नंतर जोडलेली बाथरूम, पुढचं सिमेंटचं पोर्च, यांच्यासाठी जीव टाकायचं कारण नव्हतं. ठेवायचा होता तो उजेड आणि तो घडवणाऱ्या गोष्टी: खिडकी, हात, करडी भिंत आणि खिडकीसमोरचं अंगण. हे शेवटचं कोणाच्या लक्षात येत नाही. समोर हिरवळ लावली की खालून हिरवा उजेड आत येतो आणि माणसाच्या हनुवटीखाली शेवाळ दिसायला लागतं. पुण्याच्या वहिनींना तिथे बोगनवेल हवी होती. मी नको म्हटलं. त्या अजून रागावलेल्या आहेत.

माळवदाचं काम सगळ्यात जिकिरीचं होतं. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची, जुनी कोणी काढायची नाही. असं होत होत दीड फूट थर झाला होता. अठरा बाय चोवीसची खोली, कोरड्या मातीचं वजन हिशेबात धरलं तरी तीसेक टन, पाऊस पडला की आणखी. दोन तुळया मधोमध वाकल्या होत्या. स्लॅब टाकायचा सल्ला अर्थातच मिळाला. पण माळवदाचं सगळं मर्म हे, की दुपारची उष्णता त्यातून खाली यायला रात्र होते, आणि तोवर आपण अंगणात बाज टाकलेली असते. पाच इंची उघडा स्लॅब संध्याकाळीच भट्टीसारखा तापतो. आम्ही माती नऊ इंचांवर आणली, एक तुळई बदलली, दुसरीला लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला आणि वर चुन्याचा कोबा केला. पन्हाळी मोकळी केली. साणं उघडलं नाही, वरून येणारा उजेड खिडकीच्या उजेडाशी भांडतो. मास्तरांनी ते बंद केलं होतं त्यालाही कारण असणार, असं तोवर मी मानायला शिकलो होतो.

सगळं नीट झालं असं नाही. पूर्वेच्या भिंतीला पूर्वी कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला होता. दगडमातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही, ती आत आली आणि लोणा, म्हणजे पांढरा क्षार, लागला. सिमेंट काढून चुना केला, तरी दोन पावसाळे झाले, फूटभर उंचीचा पांढरा फुफाटा अजून झडतो. शिवाय काळी जमीन, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक चीर दर वर्षी उघडते आणि मिटते. तिच्यावर काचपट्टी चिकटवून नजर ठेवली आहे.

आणि एक फजिती. खोलीतच एक मोठं चित्र होतं, सात फुटांचं, पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामाचं. दुरुस्तीपूर्वी ते हलवायचं तर दरवाजा साडेपाच फुटांचा. सेझानची ती भिंतीतली फट तेव्हा फार आठवली. शेवटी चौकटीवरून कॅनव्हास उतरवून मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळला, रंगाची बाजू बाहेर ठेवून. बहुतेक जण रंग आत घेतात, जपतोय असं वाटतं म्हणून. पण आत घेतला की रंगाचा थर दाबला जाऊन उचकटतो. तरी एका कोपऱ्यातले चार-सहा पोपडे सुटलेच. ते कागदी पाकिटात तारीख घालून ठेवले आहेत.

राहिला प्रश्न पैशाचा आणि वापराचा. अक्कांच्या डोक्यात भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक होतं. पण ते घर महापालिकेने उभं केलं, आणि चीनमध्ये जाऊन सैनिकांची सेवा करता करता गेलेल्या माणसाचं ते आहे. दोन देश त्यांना ओळखतात. कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे यांच्या राहत्या घराचं संग्रहालय झालं, ते सरकार चालवतं. आमच्यासाठी यातलं कोणीच येणार नव्हतं. मी त्यांना तिसरं उदाहरण सांगितलं, अमेरिकेतल्या विन्स्लो होमर या चित्रकाराचं. मेन राज्यातल्या समुद्रकाठी कुटुंबाच्या उन्हाळी घराशेजारचा घोड्यांचा तबेला १८८४च्या सुमारास त्याने स्टुडिओ करून घेतला. पोर्टलंडच्या कलासंग्रहालयाने तो २००६ मध्ये त्याच्या घराण्यातल्यांकडून घेतला, दुरुस्त केला आणि २०१२ मध्ये उघडला, पण लोक थोड्याथोड्या गटांनीच आणले जातात. आत मांडलेलं फार थोडं. एका काचेवर त्याने कोरलेली सही मात्र जपली आहे. अक्कांना ती सही पटकन समजली. 'आपल्याकडे पेन्सिलीच्या रेघा,' त्या म्हणाल्या. म्युझियम हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

वाटणीपत्र झालं ते असं: रस्त्याकडची जमीन पुण्याच्या भावांच्या वाट्याला, त्यांनी ती विकली. स्टुडिओ, विहीर, विहिरीजवळचे दोन निंब आणि खिडकीसमोरची चाळीस फूट मोकळी जागा अक्का आणि धाकट्या बहिणीच्या नावे. चाळीस फुटांसाठी तीन बैठका झाल्या. पुढच्या प्लॉटवर तीन मजले उठले तर आभाळ किती उरेल, हे मी कागदावर कोन काढून दाखवलं; भाऊ म्हणाले, 'तुम्ही आर्किटेक्ट की ज्योतिषी?' पण सही केली. दुरुस्तीचा खर्च त्यांनी विक्रीच्या रकमेतून दिला, न मागता. ट्रस्ट करून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचा विचार आहे. तो विचारच आहे.

सध्या रविवारी सकाळी शहरातले चार-पाच कलाशिक्षक तिथे येऊन काम करतात. भाडं नाही. अट एक: झापड ज्याने लावलं त्यानेच सोडायचं.

झापडांच्या कापडाने शेवटी दमवलं. चादरी आणि टॉवेलच्या या गावात साधा, जाड, विनाडिझाइनचा सुती तागा मिळेना. यंत्रमागांवर नक्षीचं जाकार्ड नाहीतर टॉवेलचं टर्किश. इचलकरंजीहून मागवला. तो आला शुभ्र, आणि पहिल्याच सकाळी खोलीत निळसर झाक पडली. मामांनी हातात घेऊन बघितला आणि बाजूला ठेवला. 'मालक असलं घेत नव्हते. कोरं आणायचे आणि विहिरीवर चार येळा आपटायला लावायचे.' शुभ्र कापडात टिनोपालसारखी पावडर असते, ती उजेडाला निळा करते. कोऱ्या मांजरपाटाचा पिवळेपणा चार धुण्यांत निघतो आणि उरतो तो साधा पांढरा. दुसरा तागा कोरा आणला. तीन धुणी झाली आहेत, चौथं येत्या गुरुवारी. विहिरीची मोटर बिघडल्यामुळे लांबलं.